गुण्यात नसलेलं कपाट

माझ्या नणंदेइतकी वाकड्याची चीड असलेली बाई अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरी नसेल, आणि असलीच तर त्या दोघींची गाठ कधी पडू नये अशी माझी देवाजवळ प्रार्थना आहे. नणंद म्हटलं की बायका लगेच माझ्याकडे सहानुभूतीनं बघायला लागतात, म्हणून आधीच सांगून टाकते. ही चीड वाकड्या माणसांची नव्हे. वाकड्या माणसांशी आमच्या ताईंचं उत्तम जमतं, माझ्याशीही जमतं. चीड आहे ती डुगडुगणाऱ्या टेबलांची, तिरक्या चौकटींची आणि एका बाजूला झुकलेल्या शोकेसची. त्यासाठी त्यांच्या ऑफिसच्या बॅगेत, लॅपटॉप आणि जेवणाचा डबा यांच्या मधोमध, एक गुण्या असायचा. कोपरा काटकोनात आहे की नाही हे बघायला सुतार आणि गवंडी जी लोखंडी काटकोनी पट्टी लावतात, तो गुण्या. जी वस्तू त्या पट्टीला अंग चिकटवून सरळ उभी राहते ती 'गुण्यात', आणि उरलेलं जग गुण्याबाहेर. ताईंच्या लेखी माणसाच्या इतिहासात एवढे दोनच पक्ष होऊन गेले.

एकदा ठाण्यात आम्ही दोघी मिसळ खायला गेलो होतो. ताईंनी बसल्या बसल्या टेबलाचा कोपरा तपासायला घेतला. वेटरला वाटलं, महानगरपालिकेची तपासणी आली. तो धावत जाऊन मालकाला घेऊन आला. मालकानं नमस्कार केला, न मागता जास्तीचं फरसाण आणि दोन ताकं ठेवली आणि "काही चुकलं असेल तर सांगा मॅडम" म्हणून हात जोडून उभा राहिला. ताई म्हणाल्या, "उजवा पाय बुटका आहे." त्या बिचाऱ्यानं घाबरून स्वतःच्याच पायाकडे बघितलं. कल्याणला एका लग्नात आहेर द्यायला स्टेजवर गेलो, तेव्हा तर फोटोग्राफर "स्माइल" म्हणत असताना ताई नवरा-नवरीच्या सोनेरी सिंहासनामागे वाकून गुण्या लावत होत्या. त्या अल्बममध्ये आमचं अख्खं कुटुंब ओळीनं हसतंय आणि ताईंची फक्त पाठ आहे. नवरीच्या आईनं पुढे मला विचारलं, "त्यांचं काही हरवलं होतं का गं?" मी हो म्हणून टाकलं. सिंहासन गुण्यात नव्हतं हे त्या माउलीला सांगून काय उपयोग होता?

ताई व्यवसायानं प्रोग्रॅमर. ठाण्यातल्या एका कंपनीत त्या बँकांच्या जुन्या प्रोग्रॅमची डागडुजी करायच्या. सासूबाई कोणी विचारलं की "ती कॉम्प्युटरमध्ये असते" असं सांगायच्या, आणि ते अशा थाटात की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई दिवसभर त्या पेटीतच राहते आणि संध्याकाळी जेवायला बाहेर येते. लाकडाचं वेड लागलं ते ताईंनी ठाण्यात फ्लॅट घेतला तेव्हा. भिंतीवरचं कपाट अर्धवट सोडून त्यांचा सुतार गायब झाला. फोन केला की "उद्या येतो". दुसरी कोणी बाई संतापली असती, पण ताईंना त्या माणसाबद्दल जिव्हाळाच वाटायला लागला. "अगं, अगदी आमच्यासारखं बोलतो गं तो," त्या मला कौतुकानं सांगायच्या. "म्हणतो, नव्वद टक्के झालंय, फक्त फिनिशिंग राहिलंय. हेच वाक्य मी अख्खं करिअर क्लायंटला ऐकवत आलेय!" दोन्ही धंद्यांची कुळी एकच, हा शोध त्यांना असा लागला. मग त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून ते कपाट स्वतःच पुरं केलं. त्याचा पहिला खण उघडेना, दुसरा मिटेना आणि तिसऱ्यात दोन्ही गुण एकवटले होते. तरीही त्या खणांपुढे उभ्या राहून ताई जशा हसल्या, तशा त्या कुठल्याही बढतीच्या बातमीला हसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

त्यानंतर शनिवार-रविवार कोलशेतला. तिथल्या एका जुन्या गाळ्यात एक मिस्त्री फर्निचर करायचा, त्याच्याकडे ताई शिकायला जाऊ लागल्या. "मॅडम सवाल बहुत पूछती है," एवढी एकच त्याची तक्रार. पुढे त्याच गाळ्याचा निम्मा भाग ताईंनी भाड्यानं घेतला. रविवारी संध्याकाळी तिकडून त्या थेट आमच्याकडे डोंबिवलीला जेवायला यायच्या. केसांत भुसा, नखांत गोंद आणि तोंडात सिद्धांत. लाकडाला कंट्रोल-झेड नाही, हा पहिला सिद्धांत. "कोडमध्ये मी दिवसभर चुकते आणि संध्याकाळी सगळं पुसून टाकते. इथे करवत एकदा फिरली की फिरली. म्हणून इथे मी आधी विचार करते." दुसरा सिद्धांत झाडूचा. "ऑफिसातून उठताना खाली काही पडलेलंच नसतं गं. मग आज काही केलं की नाही, हेच कळत नाही. गाळ्यात संध्याकाळी एवढा ढीग झाडावा लागतो! दिवस गेला कुठे, तर हा इथे." यावर सासूबाई त्यांच्या खुर्चीखालचा भुसा झाडत म्हणायच्या, "आणि माझा दिवस इथे जातो."

पण ताई प्रोग्रॅमिंगला नावं ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. कोणी तसं बोललं की उलट चिडायच्या. "एकदा नीट लिहिलं की हजार ठिकाणी चालतं. खुर्ची दुसरी करायची तर पुन्हा पहिल्यापासून घाम गाळा. काही सोपं आहे का ते?" त्यांचा राग होता तो निराळ्याच गोष्टीवर. कॉम्प्युटरमध्ये दर थोड्या वर्षांनी आधीचं शिकलेलं रद्दीत जातं आणि पोराटोरांकडून नव्यानं मुळाक्षरं गिरवावी लागतात, हे त्यांना टोचायचं. "आता तर कोडही मशीनच लिहितं. मी आपली बाजूला बसून हो-हो म्हणते. मिस्त्रीचा हात बघ, दरवर्षी मुरत जातो. लोणच्यासारखा." "मग लोणची घाल," सासूबाई म्हणाल्या. "सुतारकी करायला का तुला इंजिनिअर केलं? आपल्या सात पिढ्यांत कोणी रंधा हातात धरला नाही." ताई भाताला आमटी कालवत शांतपणे म्हणाल्या, "सात पिढ्यांत कोणी कॉम्प्युटर तरी कुठे लावला होता?"

हे सगळं हौसेपर्यंत होतं तोवर ठीक होतं. पण एका रविवारी ताई जेवताना म्हणाल्या की कंपनी ठाण्याचं ऑफिस बंद करतेय आणि सगळ्यांना हैदराबादला बोलावलंय. ज्यांना जायचं नाही त्यांनी नोकरी सोडायची. आणि त्यांच्या मनात सोडायचं आहे. पूर्ण वेळ गाळ्यात बसायचं आहे. माझ्या नवऱ्याचा घास हातातच राहिला. तो म्हणाला, "ताई, हौस वेगळी आणि पोट वेगळं. या वयात नवीन धंदा?" सासूबाईंनी न मागता ताईंच्या पानात भात वाढला. आणि एवढंच म्हणाल्या, "हैदराबाद लांब आहे. पण तिथे बसायला खुर्ची आहे." मला ते आजही आठवतं, कारण त्यात नुसती ऐट नव्हती. एकटी राहणारी मुलगी, वय उताराला लागलेलं, आणि उद्या कमरेनं दगा दिला तर हिचं कोण बघणार, ही भीती होती. ताईंनाही ती ऐकू आली असणार. म्हणूनच त्यांनी पैज लावली. "हिच्या आईचं कपाट करतेय ना मी दिव्याला? तीच माझी परीक्षा समजा. ते नीट बसलं तर नोकरी सोडते. नाही बसलं तर गुपचूप हैदराबाद. पुन्हा रंध्याचं नाव काढणार नाही."

आता त्या कपाटाबद्दल सांगायला हवं. माझी आई साताऱ्याकडची. लग्न करून कळव्याला आली आणि पुढचं आयुष्य भाड्याच्या खोल्या बदलण्यात गेलं. बाबा गेल्यावर तिनं हट्टानं कळव्याच्या पुढे, दिवा गावात एक छोटं घर घेतलं. नळाला पाणी दिवसाआड, जिना अंधारा, इमारत घाईघाईत उभी केलेली. पण दारावर नाव तिचं होतं. त्या घरात खोलीच्या टोकाला दोन भिंतींच्या मध्ये एक कोनाडा होता. तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जमिनीपासून छतापर्यंत कपाट असावं, एवढंच तिचं मागणं होतं. भाड्याच्या घरात भिंतीत बसवलेलं कपाट करता येत नाही. केलं तर ते मालकाचं होतं. ताई माप घ्यायला गेल्या, आणि जगातल्या प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावणाऱ्या या बाईनं त्या दिवशी तो बॅगेतून काढलाच नाही. मी नंतर कारण विचारलं तर म्हणाल्या, "भावजयीच्या माहेरी जाऊन भिंतीला गुण्या लावायचा? मी काय करवली म्हणून गेले होते?" माझ्या लग्नात ताई करवली होत्या, आणि कुठल्याही करवलीनं रुसावं, फुगावं, वधूपक्षाच्या खोड्या काढाव्यात अशा त्या दिवशी त्यांनी साधा सरबताचा ग्लाससुद्धा मागून घेतला नव्हता. तीच आदब त्यांनी दिव्यालाही पाळली. जमिनीलगत टेप लावला, माप घेतलं, आईच्या हातचा चहा घेतला, "घर छान आहे काकू" म्हणाल्या आणि परत आल्या. खाली जेवढी रुंदी तेवढीच वर असणार, हे त्या सौजन्यापोटी धरून चालल्या.

कपाट तयार होत होतं तेवढे दिवस आमच्या घरात दोन तट पडले होते आणि मी दोन्हींत होते. सासूबाईंनी गणपतीला साकडं घातलं की कपाट बसू नये. कपाट माझ्या आईचं, आणि ते बसू नये म्हणून मीच बाजारातून आणलेल्या जास्वंदी मीच घासलेल्या देव्हाऱ्यात वाहिल्या जात होत्या. वर मला सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "तुझ्या आईकडच्या भिंती कशा आहेत गं?" मी म्हणायचे, "रंग चांगला आहे."

कपाट टेम्पोनं दिव्याला पोचलं त्या दिवशी सासूबाईही "विहीणबाईंची भेट होईल" असं सांगून आमच्याबरोबर आल्या. मिस्त्री आणि त्याच्या माणसानं कपाट उभं केलं, कोनाड्यात सरकवलं. खालून ते लोण्यासारखं आत गेलं. वर मात्र टक्क असा आवाज झाला आणि सगळं थांबलं. डावी भिंत वर जाता जाता आत झुकलेली होती. आईनं त्या भिंतीला खेटून इतके दिवस संसार मांडला होता, पण ते तिलाही कधी दिसलं नव्हतं. सासूबाईंचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा होता. देव पावला म्हणून हसू फुटत होतं, आणि विहिणीच्या घरात उभ्या आहोत म्हणून ते गिळावं लागत होतं. अखेर त्यांनी पदरानं तोंड पुसल्यासारखं केलं. आईच घाईघाईनं म्हणाली, "भिंत माझीच वाकडी, ताई. तुमच्या कपाटाचा काय दोष?"

ताईंना मी त्यापूर्वी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या कपाटाला हात लावून नुसत्या उभ्या होत्या. मनातल्या मनात हैदराबादची बॅग भरत असाव्यात. मला इतकं वाईट वाटलं की त्या घटकेला मी आईच्या कपाटाचं विसरूनच गेले. फक्त या बाईचं काहीतरी निभावू दे, असं वाटत राहिलं. मग त्यांनी बॅग उघडली आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "काकू, रागावणार नसाल तर भिंतीला गुण्या लावू का?"

"लावा की," आई म्हणाली. "भिंत काय नाय म्हणतीय होय?"

ताईंनी गुण्या लावला, वर-खाली सरकवला, एक डोळा मिटून बघितलं, आणि आम्ही सगळे दचकलो, कारण त्या मोठ्यानं हसायला लागल्या. "अगं, ही तर माझ्या ओळखीची भिंत आहे!" त्या म्हणाल्या. "अख्खी नोकरी मी असल्याच भिंतींत काढलेय. कोणीतरी घाईत लिहून ठेवलेलं, वर जाता जाता कललेलं. आणि पाडता येत नाही, कारण आत माणसं राहत असतात. आपण आपलं नवीन काम त्या कलानं बसवायचं. हे तर मला येतं!" असं म्हणून त्यांनी कपाट बाहेर ओढायला लावलं, डाव्या अंगाची फळी सोडवली, भिंतीला टेकवली आणि लाकडाच्या एका तुकड्याला पेन्सिल लावून तो तुकडा भिंतीवरून वरपासून खालपर्यंत फिरवत नेला. भिंतीचा कल जसाच्या तसा फळीवर उतरला. मग त्या रेघेवर करवत चालली, आतले खणही त्या मापानं तासले गेले. मिस्त्री मध्येच "मॅडम, टेढ़ा हो जाएगा" म्हणाला, तर त्या म्हणाल्या, "होने दो." आयुष्यभर काटकोनासाठी भांडलेली बाई त्या दिवशी घाम पुसत, जाणूनबुजून, मन लावून वाकडं काम करत होती, आणि इतकी खुशीत होती की शेजारच्या बायका दारात येऊन बघत होत्या.

संध्याकाळी कपाट आत गेलं. भिंत आणि फळी यांच्यात पोस्टकार्ड शिरलं नसतं. पण सासूबाई हार मानणाऱ्या नव्हेत. त्यांनी इतक्या वर्षांत ऐकून ऐकून साठवलेलं शास्त्र बाहेर काढलं. "हे गुण्यात कुठे आहे? म्हणजे बसलं नाहीच ते." ताई म्हणाल्या, "बसलं म्हणजे बसलं." दोघी मायलेकी विहिणीच्या घरात हमरीतुमरीवर आल्या. शेवटी आईनं पुढे होऊन कपाटाचं दार उघडलं, मिटलं, परत उघडलं. दार जिथल्या तिथे राहिलं. तिला या धंद्याच्या भाषेतलं काही ठाऊक नव्हतं. ती आपली म्हणाली, "चांगलं गुण्यागोविंदानं बसलंय की ओ, विहीणबाई." यावर अपील नव्हतं. सासूबाई जमिनीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "चहा टाका."

ताईंनी नोकरी सोडली. लोकांना वाटलं तसं त्यांचं काही वाईट झालं नाही, आणि त्यांना स्वतःला वाटलं होतं तितकं सोपंही गेलं नाही. कंबर दुखते. प्लाय वेळेवर येत नाही. पूर्वी ज्यांच्याबरोबर त्या कोड लिहायच्या तेच लोक आता त्यांची गिऱ्हाइकं आहेत, आणि ताई त्यांना फोनवर बिनदिक्कत सांगतात, "नव्वद टक्के झालंय, फक्त फिनिशिंग राहिलंय." फळ्या कमी वाया जाव्यात म्हणून त्यांनी कापायच्या मापांचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय, आणि लाकडाइतक्याच मायेनं त्या त्याची डागडुजी करतात. सासूबाई अजूनही "ती कॉम्प्युटरमध्ये असते" असंच सांगतात. फक्त आता पुढे जोडतात, "आणि कपाटं फार छान करते." हल्ली तर आमच्या सोसायटीतल्या दोन ऑर्डरी त्यांनीच मिळवून दिल्या.

मागच्या वर्षी आईचे गुडघे अगदीच गेले. दिव्याचा जिना आणि पाण्याच्या बादल्या तिला झेपेनात. तिच्याशी बरेच दिवस भांडून आम्ही तिला डोंबिवलीला आमच्याकडे आणलं आणि ते घर विकलं. कुलूप लावून किल्ली दुसऱ्याच्या हातात देताना ती रडली नाही. मला वाटतं, ते रडण्यापेक्षा वाईट होतं. कपाट मात्र सोडायला ती तयार नव्हती, म्हणून ते सोडवून आणलं आणि तिच्या खोलीत उभं केलं. आमच्या भिंती सरळ आहेत. त्यामुळे कपाटाच्या डाव्या अंगाला खाली काही नाही, पण वर जाता जाता चांगली दोन बोटं फट पडली. ताईंना निरोप गेला. त्या दुसऱ्याच दिवशी हत्यारं आणि एक निमुळती पट्टी घेऊन आल्या. "दहा मिनिटांचं काम आहे काकू. पट्टी ठोकली की फट दिसणारसुद्धा नाही."

आई पलंगावर बसून त्या फटीकडे बघत होती. ताईंनी पट्टी लावून मापली, हातोडी उचलली, तशी ती म्हणाली, "राहू द्या ओ, ताई. तेवढीच माझी भिंत आली बरोबर."

माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं, आणि मी ते लपवलंही नाही. फट बुजवल्याशिवाय जिवाला चैन न पडणाऱ्या त्या बाईनं हातोडी खाली ठेवली आणि पिशवीतून पॉलिश पेपर काढला. मग स्टुलावर चढून त्या कपाटाची ती तिरकी कड हळूहळू घासत राहिल्या, आणि अजून कुठे खरखरीत लागतंय ते आई त्यांना पलंगावरून सांगत राहिली.